केबलला कुणी विचारतच नाही

पुण्यात नोकरी आणि गावाकडं आई-वडील असा ज्यांचा सेटअप आहे, त्या सगळ्यांना एक जोडधंदा कंपल्सरी असतो. फोनवरून टेक सपोर्ट! पगार शून्य, शिफ्ट चोवीस तासांची, आणि कस्टमर असा की त्याच्यावर आवाज चढवायची सोय नाही, कारण आपल्याला सायकल चालवायला त्यानंच शिकवलेलं असतं. ओटीपी, वायफायचा पासवर्ड, 'फोटो दिसंना गेलेत' वगैरे केसेस आपण आता मीटिंग म्यूटवर टाकून सोडवतो. पण एक तक्रार अशी आहे की भले भले इंजिनीअर तिच्यापुढं हात टेकतात. 'टीव्ही मधूनच काळा पडतो आणि आपोआप परत येतो.'

परत येतो, हीच तर पंचाईत. बंद पडलेली वस्तू दुरुस्त करता येते. अधूनमधून बंद पडणारी वस्तू मेकॅनिक घरी आला की गुणी बाळासारखी वागते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळं असल्या बगशी माझं रोजचं वैर. 'इथं तर नीट चालतंय' असा शेरा मारून डेव्हलपर जो बग परत पाठवतो ना, तोच हा.

आमचं घर अंबाजोगाईला. अण्णा गणिताचे निवृत्त शिक्षक. घराचं रिनोव्हेशन झालं तेव्हा हॉलच्या भिंतीवर ४३ इंची फोर-के टीव्ही चढला. समोरच्या कोपऱ्यातल्या कपाटात एक छोटा मीडिया प्लेअर आणि त्याला लटकलेली पोर्टेबल हार्ड डिस्क. डिस्कवर अण्णांची नाटकं, कीर्तनं, आणि जिच्यासाठी हा सगळा थाट केला ती एक फाइल. १९९६ सालचं आमच्या काकाचं लग्न.

नव्वदच्या दशकातली लग्नाची कॅसेट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जे येतं ते सगळं तिच्यात आहे. बदामाच्या फ्रेममध्ये गरगर फिरणारे नवरा-नवरी, कमळातून उमलणारे मामा, आणि प्रत्येक सीनवर हिंदी सिनेमाचं गाणं चिकटवलेलं. ओठ आपल्या माणसांचे, आवाज कुमार सानूचा! पण त्या तीन तासांत हळदीच्या आदल्या दिवशीचा एक तुकडा आहे, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. आजी आणि शेजारच्या दोघी जात्यावर हळद दळतायत आणि ओव्या म्हणतायत. शूटिंगवाला इथं गाणं टाकायला विसरला म्हणा किंवा त्या दिवशी त्याला सद्बुद्धी झाली म्हणा, इथं खरा आवाज राहिलाय. जात्याची घरघर आणि आजीचा गळा. आजी २००३ साली गेली. तिच्या आवाजाचं आमच्याकडं दुसरं काहीही नाही. मूळ कॅसेटला बुरशी धरली होती म्हणून २०११ साली लातूरच्या एका स्टुडिओत तिची फाइल करून घेतली, आणि ती कॅसेट पुढं घराच्या आवराआवरीत गेली.

त्यामुळं गेल्या जूनमध्ये अण्णांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"अगं, आजीच्या जागेवर आलं की टीव्ही काळा पडायलाय. गेलं वाटतं ते."

"किती वेळा पडला, अण्णा?"

"दोनदा. तिसऱ्यांदा लावलंच नाही मी. उगं अजून खराब व्हायचं."

इथं दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सुटे करायला हवेत. आजी गेलीय फाइलमधून, की ती तिथंच आहे आणि फक्त दिसत नाहीये? पहिलं असेल तर जगातली कुठलीही केबल तिला परत आणू शकत नाही. दुसरं असेल तर कदाचित एक रुपयासुद्धा खर्च न करता काम होईल. आणि लांबून बघणाऱ्याला दोन्हींत टीव्ही काळाच दिसतो.

थोडं विषयांतर, पण सांगायलाच हवं. ज्या १९९६ साली आमच्याकडं तो शूटिंगवाला आला, त्याच वर्षी आमच्याच बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रीतसर रेकॉर्ड झाल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्याच कामाचा तो भाग. आज त्यातल्या बऱ्याच 'पारी'च्या साइटवर आवाजासकट ऐकायला मिळतात. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या त्याच्यासोबत गेल्या. माजलगावच्या बायकांच्या ओव्या कुणीतरी जपून ठेवल्या. आमच्या आजीच्या मात्र एकाच हार्ड डिस्कवर होत्या, आणि तीही टीव्हीच्या कपाटात, कासवछाप अगरबत्तीच्या डबीशेजारी.

तर पहिला फंडा. अशा वेळी जी वस्तू एकच आहे तिच्यावर प्रयोग करायचे नाहीत. "अण्णा, डिस्क काढा आणि गोदरेजच्या कपाटात ठेवा. आपण तिला हात न लावता शोधायचं." शेजारचा इंजिनीअरिंगचा पोरगा लॅपटॉप घेऊन रविवारी लातूरहून येणार होता. आज बुधवार. म्हणजे हातात चार संध्याकाळी.

अण्णांना मी सांगितलं, दुसऱ्या एखाद्या पेन ड्राइव्हवरचं कीर्तन लावा आणि वहीत तीन रकाने पाडा. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले, प्लेअरवर किती मिनिटं दाखवतोय, आणि नेमकं काय झालं. गणिताच्या मास्तरला रकाने पाडा म्हटल्यावर त्याच्यासारखा सुखी माणूस नाही. गुरुवारी सकाळी व्हॉट्सअॅपवर पानाचा फोटो हजर. लाल शाईनं समास आखलेला. 'सायं. ७.०४, काळा, अंदाजे ३ सेकंद, आवाजही नाही. ७.१९, काळा. ७.२०, मावशीचा फोन. ७.४१, काळा, नो सिग्नल अशी पाटी, परत आला. ७.५५, मांजर आले.'

मांजर सोडलं तर या पानात सगळं होतं.

कीर्तन चालू असतानाही टीव्ही काळा पडत होता, म्हणजे रोग लग्नाच्या फाइलचा नाही. दुसरं म्हणजे शुक्रवारी अण्णांनी तेच कीर्तन पहिल्यापासून परत लावलं, तर बाराव्या मिनिटाला जिथं काल गेलं होतं तिथं आज काहीच झालं नाही आणि सव्वीसाव्याला गेलं. जागा बदलत होती. हा टेस्टिंगमधला सगळ्यात जुना नियम, आणि घरबसल्या कुणालाही वापरता येणारा. दर वेळी त्याच सेकंदाला अडत असेल तर फाइल किंवा डिस्क खराब. कुठंही, कधीही अडत असेल तर फाइल निर्दोष, गुन्हेगार बाहेरचा.

"म्हणजे आजी हाय?" अण्णांनी विचारलं.

"असायला पाहिजे," मी म्हटलं. रविवारपर्यंत याहून जास्त सांगण्यात अर्थ नव्हता.

काळा पडणं म्हणजे काय, हे नीट बघितलं तर अर्धं निदान तिथंच होतं. चित्र थिजलं किंवा त्याचे चौकोन-चौकोन झाले, तर भानगड मागं आहे, फाइल, डिस्क किंवा इंटरनेटमध्ये. स्क्रीन काळा पण टीव्हीच्या स्पीकरमधून आवाज चालू, तर टीव्हीच्या बॅकलाइटवर संशय घ्या. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, अंधारात चित्र पुसटसं हलताना दिसलं तर दिवा गेलाय. काळा पडून प्लेअर आपल्या कंपनीचा लोगो दाखवत नव्यानं सुरू झाला, तर त्याला वीज पुरत नाहीये. फक्त फिल्म सुरू होताना आणि संपताना दोन सेकंद काळा पडत असेल तर आजार नाहीच. आपल्याकडचं जुनं व्हिडिओ शूटिंग सेकंदाला २५ फ्रेमचं, सिनेमा २४चा, आणि मेनू बहुतेक ६०च्या चालीवर. चाल बदलताना टीव्ही क्षणभर श्वास घेतो, त्याला घेऊ द्या. आणि चित्र-आवाज दोन्ही एकदम गायब, वर 'नो सिग्नल'ची पाटी, आणि दोन-तीन सेकंदांत सगळं पूर्ववत? मग प्लेअर आणि टीव्ही यांच्यातला संवाद तुटतोय. अण्णांच्या वहीत हेच होतं.

आता तुम्ही म्हणाल, सिग्नल कमी पडतोय तर चित्र थोडं खराब व्हावं ना. एकदम काळं कशाला?

तुमचंही बालपण अँटेनाच्या काळातलं असेल तर हा प्रश्न पडणारच. अंबाजोगाईला दूरदर्शनचं प्रक्षेपण केंद्र होतं, टॉवर गावातूनच दिसायचा, त्यामुळं आमच्याकडं चित्र झकास. पण माझं आजोळ धारूरकडं, बालाघाटाच्या डोंगराआड. तिथं मामा पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि खाली आम्ही पोरं ओरडायचो, 'आलं, आलं... गेलं! जरा मागं!' मुंग्या यायच्या, एका माणसाचे दोन दिसायचे, पण गोष्ट कळायची. मुंग्या वाढल्या की समजायचं, वाऱ्यानं पाइप हललाय. म्हणजे बिघाड आपल्या येण्याची आगाऊ वर्दी द्यायचा. देशातली जवळपास सगळी अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२१-२२ पर्यंत बंद झाली, आणि मुंग्या त्यांच्यासोबत गेल्या.

डिजिटलमध्ये वर्दी नाही. एचडीएमआय केबलमधून आकडे धावतात, शून्य आणि एक. थोडे चुकले तर एखादा पांढरा ठिपका चमकून जातो, आपल्या लक्षातही येत नाही. त्याहून जास्त चुकले की टीव्ही सरळ हात वर करतो. उत्तम आणि शून्य यांच्या मधली पायरीच जवळपास नाही. त्यामुळं ९९ टक्के ठीक असलेली केबल बघणाऱ्याला पूर्ण ठीक वाटते, आणि पुढच्या सेकंदाला पूर्ण बाद.

ही केबल नक्की काय करते, ते मी अण्णांना लग्नाच्या भाषेत सांगितलं. प्लेअर आणि टीव्ही एकमेकांना जोडले की आधी पाहण्याचा कार्यक्रम होतो. टीव्ही आपला बायोडेटा पाठवतो: उंची-रुंदी इतकी, फोर-के जमतं, सेकंदाला ६० फ्रेम जमतात, आवाज या या प्रकारचा चालतो. प्लेअर म्हणतो, वा, मलाही हे सगळं जमतं, मग सगळ्यात वरचंच ठरवू! झालं, सुपारी फुटली. पुढं कॉपी-प्रोटेक्शनची ओळखपरेड. जुन्या पद्धतीत ती दर १२८ फ्रेमनी, म्हणजे ६०च्या चालीवर साधारण दर दोन सेकंदांनी पुन्हा होते. तूच ना रे तो? हो, मीच. मध्ये आकडे गडबडले आणि उत्तर जुळलं नाही, की पडदा काळा, आणि बोलणी पहिल्यापासून. आपल्या घरच्या लग्नाला कसला आलाय कॉपीराइट, पण बऱ्याच प्लेअरना हा पाचपोच नसतो, ते सगळ्यालाच कुलूप लावून पाठवतात.

या सगळ्या बोलण्यांत एकाला कुणीच विचारत नाही. केबलला. बायोडेटा टीव्हीचा असतो, होकार प्लेअरचा असतो, आणि ओझं वाहायचं मधल्याला. ओझं किती, तर फोर-के आणि ६० फ्रेम म्हणजे सेकंदाला जवळपास १८ गिगाबिट. फुल एचडीला याच्या साधारण चौथा हिस्सा, साडेचारच्या आसपास. एचडीएमआय २००२ साली आलं तेव्हा फोर-केचं नावही कुणाच्या घरात नव्हतं, पण सॉकेटचा आकार अजून तोच, १९ पिनांचा. म्हणून जुनी, स्वस्त, लांब, कशीही केबल त्यात झक्क बसते आणि बसली की वाटतं जमलं. (नव्या २.१ मधल्या सगळ्यात वेगवान पद्धतीत केबलची आधी परीक्षा घेतात म्हणे. उशिरा सुचलेलं शहाणपण!)

आमची केबल कुठली? रिनोव्हेशनच्या वेळी भिंतीत पाइप टाकून, गिलाव्याखालून कपाटापासून टीव्हीपर्यंत नेलेली. अण्णांनी टेपनं मोजून सांगितलं, सात मीटर. सोबत त्याच पाइपात लाइटची वायर, आणि कोपऱ्यात काटकोनात वळवलेली. साध्या तांब्याच्या केबलला १८ गिगाबिट घेऊन तीन-चार मीटरच्या पुढं चालताना घाम फुटतो. ही तर सात मीटर, वर काटकोन.

केबलवर संशय होता, पुरावा नव्हता. आणि इथं अण्णांना आवरणं हे खरं काम. एव्हाना त्यांना हुरूप आला होता. नवी केबल आणू, बोर्ड बदलू, स्टॅबिलायझर लावू, आणि सगळं शनिवारीच उरकू! मी म्हटलं, अण्णा, तुम्ही समीकरणात एका वेळी किती चल बदलू द्यायचे पोरांना? एक. मग?

विजेचा मुद्दा मात्र अगदी टाकाऊ नव्हता. आमच्या लहानपणी शेजारच्या परळीच्या थर्मलच्या चिमण्या दिसायच्या आणि घरात लाइट नसायची. २०१५ साली तर पाणी नाही म्हणून ते अख्खं केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. विजेवर विश्वास ठेवायची सवय आमच्याकडं कुणालाच नाही. म्हणून वहीत चौथा रकाना आला, लाइट आणि फ्रिज. दोन संध्याकाळींत फ्रिजचा कॉम्प्रेसर सात वेळा सुरू झाला, टीव्ही नऊ वेळा गेला, आणि दोन्ही जुळले फक्त एकदा. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागला तेव्हा प्लेअर मात्र लोगो दाखवत नव्यानं सुरू झाला. तो वेगळा आजार, त्याचं औषध इन्व्हर्टरवर असतं, यूपीएस मोडचं बटण. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरलाही बघा, बहुतेकांना ते असतं आणि बहुतेकांनी ते कधी दाबलेलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही एकच गोष्ट बदलली. प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्ले, तिथं रिझोल्यूशन, आणि 'ऑटो'वरून १०८०पी. हे लिहायला एक ओळ लागते, फोनवर करायला चाळीस मिनिटं लागली, कारण मधेच टीव्हीचा रिमोट आणि प्लेअरचा रिमोट यांची अदलाबदल झाली आणि आम्ही बराच वेळ टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्लेअर शोधत होतो.

"आता?"

"आता कीर्तन लावा आणि वही उघडी ठेवा."

त्या रात्री पान कोरं. रविवारी सकाळी कोरं. चार तास, एकदाही काळा नाही. मग उलट तपासणी म्हणून परत 'ऑटो'वर नेलं, अकराव्या मिनिटाला काळा. पुन्हा १०८०पी, पुन्हा कोरं पान. रोग बरा झाला यावर समाधान मानू नका, तो परत आणता येतो का तेही बघा. आणता आला म्हणजे तुम्ही बरोबर जागी हात घातलाय. 'मी जरा हलवून बघितलं आणि झालं' यात काहीच सिद्ध होत नाही, तो पुढच्या आठवड्यात नक्की परत येतो.

मुळात गंमत बघा. ती कॅसेट व्हीएचएसवरची. तिच्यात उभ्या ५७६ ओळी, आणि आडवी बारकाई जेमतेम २४० रेषांची. प्लेअर एवढंसं चित्र ताणून २१६० ओळींचं करत होता आणि सात मीटर केबलमधून १८ गिगाबिटनं ढकलत होता. आजीला दिसायला एवढं काही लागत नाही हो! आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या सोफ्यावरून, ४३ इंचावर, बऱ्याच फिल्म्सना फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक ओळखा असं म्हटलं तर मीही नापास होईन.

तुम्ही खरंच फोर-के बघणारे असाल, क्रिकेट वगैरे, तर केबल बदलाच. पण बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'फोर-के' छापलंय म्हणून घेऊ नका, ते छापायला कुणाचं काही जात नाही. 'प्रीमियम हाय स्पीड' असं लिहिलेलं, स्कॅन करता येणारं स्टिकर असलेली घ्या, ती १८ गिगाबिटसाठी तपासलेली असते. आणि शक्यतो दोन मीटरच्या आतली. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे प्लेअरच टीव्हीच्या मागं चिकटवा. लांबच न्यायची असेल तर आतून ऑप्टिकल फायबर असलेली केबल मिळते, महाग असते, आणि तिला दिशा असते, उलटी लावली तर चालत नाही. भिंतीत गाडण्यापूर्वी जमिनीवर पसरून दोन दिवस चालवून बघा, प्लीज. आमच्या भिंतीचा रंग अजून ताजा आहे, म्हणून ती केबल आत तशीच आहे.

बोटभर स्टिकवाल्यांसाठी वेगळं. तिला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका. जुना यूएसबी पोर्ट अडीच वॅट देतो, स्टिकला बऱ्याचदा त्याच्या दुप्पट हवी असते. पोर्टेबल हार्ड डिस्कचंही तेच, 'टिक... टिक' असा आवाज येऊन चित्र थिजलं तर तिला वीज पुरत नाहीये आणि ती प्रत्येक टिकीला थोडी थोडी मरतेय. आणि डिशवाल्यांनो, तुमचं काळं पडणं पावसात असेल तर प्लेअरला शिव्या देऊ नका. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे बीड जिल्ह्यातून बघितलं तर नेमकं आग्नेयेला, साधारण ६० अंश वर. तिकडं लिंबाची फांदी वाढलीय का बघा. पावसाळ्यात पानं ओली झाली की तीही सिग्नल खातात.

रविवारी दुपारी शेजारचा पोरगा लॅपटॉप घेऊन आला. मी व्हिडिओ कॉलवर. आधी कॉपी, मग बघणं, हा क्रम मी तीनदा बजावला. नवा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह लावला तर म्हणतो जागा नाही! अण्णा घाबरले. फाइल सव्वाचार जीबीची आणि पेन ड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीनं फॉर्मॅट केलेला. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, बाकी ड्राइव्ह कितीही रिकामा असो. एक्सफॅट करून घेतला (रिकामा होता म्हणून, फॉर्मॅट केल्यावर आतलं सगळं जातं), आणि हिरवी पट्टी सरकायला लागली. सात मिनिटं आम्ही तिघं नुसते त्या पट्टीकडं बघत होतो. मग एक कॉपी लॅपटॉपवर, एक माझ्या ड्राइव्हवर पुण्याला.

आमच्या गावात दासोपंतांची पासोडी आहे, लांबलचक कापडावर लिहिलेली. चारशे वर्षं झाली, जीर्ण झालीय, पण उलगडली की वाचता येते. अण्णा त्या पट्टीकडं बघत म्हणाले, "दासोपंतांना कुणी फॉर्मॅट विचारला नव्हता."

मग टीव्हीवर लावलं. हळदीचा आदला दिवस, अंगणात जातं, आजीचा हिरव्या काठाचा पदर. अण्णांनी वही मांडीवर धरलेली, पेन उघडं. मला फोनवरून टीव्ही धड दिसत नव्हता, अण्णांची पाठच दिसत होती, पण जात्याचा आवाज येत होता. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मध्ये एक पांढरी रेघ सर्रकन खाली गेली. ती मूळ टेपचीच, बुरशीची खूण, ती आता कायमची. पान कोरं राहिलं.

"परत लाव," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

त्या आठवड्यात अण्णांनी आणखी चार पेन ड्राइव्ह मागवले. दोन आत्या, मामेभाऊ आणि काका स्वतः. सगळ्यांना एक्सफॅट करून, सोबत अण्णांच्या अक्षरात एक चिठ्ठी: ऑटोवर ठेवू नये, १०८०पी करावे, आधी कॉपी करून घ्यावी. परळीच्या आत्याचा फोन गेल्या शनिवारी आला, पण मला नाही, अण्णांना. तिचा टीव्ही म्हणे तो पेन ड्राइव्ह ओळखतच नाही. मी फोन घ्यायला गेले तर अण्णांनी हातानंच थांबवलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "थांब, घाई करू नको. आधी एक वही घे."